‘वेळ मिळाला तर बघा’

रात्री पावणेदहाला फोनवर निरोप आला : ‘सोबतची फाइल वेळ मिळाला तर बघून घ्या. घाई नाही.’ नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. निरोपात लिहिलं होतं तसाच मी त्याचा अर्थ घेतला आणि झोपले. सकाळी खुर्चीत टेकते न टेकते तोच वरिष्ठ टेबलापाशी आले. ‘झालं का?’ मी म्हटलं, ‘नाही, रात्री वेळ नाही मिळाला.’ ते रागावले नाहीत. फक्त ‘अच्छा’ म्हणाले. त्या ‘अच्छा’चा अर्थ पुढचे सहा महिने हळूहळू उलगडत गेला. महत्त्वाच्या फाइली दुसऱ्याकडे जाऊ लागल्या, बैठकीच्या यादीत माझं नाव राहून जाऊ लागलं, आणि वर्षाच्या शेवटी शेऱ्यात ‘पुढाकार कमी’ असं आलं.

त्या माणसाविषयी आता मनात काही नाही. ते वाक्य मात्र डोक्यातून गेलेलं नाही. ‘वेळ मिळाला तर’ या शब्दांनी मला नाही म्हणायची मुभा दिली होती, आणि ती मुभा वापरली म्हणूनच मला फटका बसला. म्हणजे मुभा मुळात नव्हतीच. ती आज्ञा होती, विनंतीचे कपडे घालून आलेली. हे कपडे बदलणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला आपण सौजन्य म्हणतो. मला ते मान्य नाही. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने आपण विनंती करतो आहोत, हुकूम देतो आहोत की इशारा, हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. ते न सांगण्याचा भुर्दंड नेहमी खालच्या माणसाला पडतो, म्हणून मी याला न्यायाचा प्रश्न मानते.

बोलणं आणि करणं यांची आपण सहज फारकत करतो. ‘बोलून काय होतंय?’, ‘मी नुसतं बोललो, मारलं तर नाही ना!’ पण हीच मराठी दुसऱ्या बाजूने काय सांगते ते पाहा. आपण शब्द देतो, कुणासाठी शब्द टाकतो, शब्द झेलतो, शब्द मोडतो, दिल्या शब्दाला जागतो. शब्द हातात धरता येतो, मोडता येतो, हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे. ‘मी उद्या येईन’ असं मी तुम्हाला सांगते तेव्हा उद्याच्या दिवसाचं वर्णन करत नसते, स्वतःला बांधून घेत असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांचा हाच विषय होता. ती व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. पैज लावणं, वचन देणं, जहाजाला नाव देणं, माफी मागणं अशा वाक्यांना खरं-खोटं ही मोजपट्टी लागत नाही, असं ते म्हणाले. ती उच्चारली की एक गोष्ट घडते, किंवा परिस्थिती जुळली नसेल तर घडायची ती फसते.

आपले वैयाकरण या वाटेने फार आधी चालून गेले होते. ‘लिङ्’ हा प्रत्यय कोणकोणत्या अर्थी येतो ते पाणिनीने एका सूत्रात सांगितलं आहे : विधी (आज्ञा), निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट (आदराने काम सोपवणं), संप्रश्न (विचारून ठरवणं) आणि प्रार्थना. क्रियापदाचं रूप एक, आणि त्याने होणारी कामं सहा. यातलं निमंत्रण आणि आमंत्रण आपण आज एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकाग्रंथाने मात्र त्यांत नेमका फरक केला आहे. निमंत्रण म्हणजे ज्याला बांधील राहावं लागतं ते. आमंत्रण म्हणजे जिथे जावं की न जावं हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं ते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती पावणेदहाची फाइल आठवली. मला आमंत्रणाच्या भाषेत निमंत्रण आलं होतं.

त्या टीकाकारांनी फरक कुठे पाहिला हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं आहे. शब्द किती मऊ, स्वर किती चढा, हे त्यांनी पाहिलं नाही. ऐकणाऱ्याला पुढे काय करता येतं, ते पाहिलं. विनंती ही विनंती असते, कारण ती नाकारता येते. आज्ञा नाकारता येत नाही, पण तिची जबाबदारी आज्ञा देणाऱ्यावर राहते : ‘तुम्ही सांगितलंत म्हणून केलं’ असं म्हणता येतं. विनंतीच्या वेषातल्या आज्ञेत ऐकणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं. नाकारायची सोय नाही, आणि काम बिघडलं तर ‘मी कुठे सांगितलं होतं? तुम्हीच घेतलंत अंगावर’ हे ऐकायची तयारी ठेवायची.

मराठीत यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे : ‘आपण’. बोलणारा आणि ऐकणारा दोघांना कवेत घेणारं हे सर्वनाम खरं तर भाषेतली एक सुंदर गोष्ट आहे. ‘आपण हे शुक्रवारपर्यंत करून टाकू या’ हे वाक्य बैठकीत येतं तेव्हा मान डोलावणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं की या ‘आपण’मध्ये बोलणारा नाही. शुक्रवारी काम झालं तर ‘आपण’ केलं, राहिलं तर ‘तुमच्याकडून राहिलं’. सर्वनाम कुठे बदलतं तेवढं ऐकत जा, त्या जागेतला अधिकार कुणाकडे आहे ते कळेल.

यावर कुणी म्हणेल, समोरच्याला जमत नसेल तर त्याने स्पष्ट सांगावं, तोंड आहे ना! तोंड आहे, पण नकाराला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजला गेलेला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली होती. दोन्हींमधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. होकार चटकन येतो, नकार त्यामानाने उशिरा. शिवाय नकार ‘अं... तसं काही नाही, पण’ असं काहीतरी पांघरून येतो. हे अंतर आपल्या सगळ्यांना ऐकू येतं, शिकवावं लागत नाही. ‘जमेल ना?’ या प्रश्नानंतर क्षणभर शांतता पडून मग ‘हो’ आलं, की विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळालेलं असतं. तो ‘हो’ तेवढा उचलतो आणि शांतता सोडून देतो. हे कळूनसवरून घडतं, म्हणून मला ते जास्त लागतं.

वरून खाली येणारी आज्ञा विनंती होऊन येते. खालून वर जाणाऱ्या बोलण्याचं नेमकं उलट होतं : तिथे इशारा प्रश्न होतो आणि हक्क याचना होतो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात भीषण अपघात, आणि त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत जे बोललं गेलं ते भाषेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं.

त्यांतलं एक, केएलएम या डच कंपनीचं विमान, धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. दुसरं, पॅन अ‍ॅम (पॅन अमेरिकन) या अमेरिकी कंपनीचं, त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होतं. कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारे. त्यांनी वेग द्यायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने थांबवलं : अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाले, माहीत आहे मला, विचार. मग नियंत्रण कक्षाने उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ती मार्गाची परवानगी होती, उडण्याची नव्हे, पण तिच्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने ती परत वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘आम्ही आता टेकऑफला आहोत.’ हे काय होतं? उडायला निघालो आहोत अशी घोषणा, की उडण्याच्या जागी उभे आहोत अशी माहिती? नियंत्रकाने माहिती समजून ‘ओके’ म्हटलं. ते त्याने ‘ऐकलं’ या अर्थी म्हटलं होतं, विमानात ते ‘चला’ या अर्थी पोचलं. ‘थांबा, मी सांगेन’ हे त्याचे पुढचे शब्द, आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे पॅन अ‍ॅमच्या विमानाचे शब्द, एकाच वेळी उच्चारले गेले आणि रेडिओच्या कर्कश आवाजात दोन्ही नीट पोचले नाहीत.

तरीही एक संधी उरली होती. विमान धावत असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ‘ते पॅन अमेरिकन बाजूला झालेलं नाही का?’ त्याच्या मनात काय होतं ते उघड आहे : थांबा, समोर विमान असेल. पण कॅप्टनला ‘थांबा’ म्हणायचा घाट त्याच्याकडे नव्हता. इशाऱ्याला त्याने प्रश्नाचं रूप दिलं, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की तो संपतो. कॅप्टन ठामपणे ‘हो, झालंय’ म्हणाले. सहवैमानिकाने एकदा थांबवून पाहिलं होतं, या वेळी तोही काही बोलला नाही. आपल्याहून मोठ्या माणसाला पाच मिनिटांत दोनदा अडवणं किती अवघड असतं हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

या अपघातातून विमान वाहतुकीने जे धडे घेतले त्यांतला मोठा भाग यंत्रांचा नाही, बोलण्याचा आहे. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उडण्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी दुसरा शब्द वापरायचा. महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं ‘ओके’ चालत नाही, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. आणि कनिष्ठांनी शंका उघडपणे कशी मांडायची, वरिष्ठांनी ती कशी ऐकायची, याचं प्रशिक्षण सुरू झालं. जिथे चुकीची किंमत जीवाने मोजावी लागते त्या व्यवसायाने ठरवलं की कोणतं वाक्य कोणतं काम करतं हे संदिग्ध ठेवायचं नाही. बाकीच्या जगात ती किंमत सुट्ट्या पैशांसारखी थोडी थोडी वसूल होते, म्हणून दिसत नाही, एवढंच.

वर मी ‘घाट’ म्हटलं त्याबद्दल थोडं सांगायला हवं. रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन यांनी १९५२-५३ च्या सुमारास बोलण्याच्या घाटांवर एक दीर्घ निबंध लिहिला. तो छापून यायला सत्तरचं दशक सरत आलं. त्यांचं म्हणणं असं, की आपण सुटी वाक्यं बोलत नाही, ठरलेल्या घाटांतून बोलतो : खुशाली विचारण्याचा घाट, तक्रारीचा, सांत्वनाचा, हुज्जतीचा. मातृभाषा जशी नकळत अंगात मुरते तसेच हे घाटही मुरतात. आणि भाषेवर उत्तम हुकमत असलेला माणूसही एखाद्या क्षेत्रात मुका होऊन बसतो, कारण तिथला घाट त्याला ठाऊक नसतो. हे वाचलं आणि मला किती माणसं आठवली! घरात तासन्‌तास रंगवून गोष्टी सांगणारी, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनासमोर ‘ते... माझं ते...’ म्हणून अडखळणारी. त्यांना आपण अडाणी ठरवतो. खरं तर त्यांना कुणी तो घाट दाखवलेलाच नसतो.

ओळखीतल्या एका वृद्ध गृहस्थांचं निवृत्तिवेतन कार्यालयाच्या चुकीमुळे तीन महिने अडकलं होतं. त्यांनी अर्ज लिहून मला दाखवायला आणला. वर ‘विनंती अर्ज’, मध्ये ‘कृपाळू होऊन विचार व्हावा’, शेवटी ‘उपकृत करावे’. अक्षर मोत्यासारखं. मी म्हटलं, ‘काका, हे तुमचेच पैसे आहेत. त्यांची चूक आहे. आपण लिहू या, की अमुक महिन्यांची रक्कम देय आहे, ती या तारखेपर्यंत जमा करावी, आणि उशिराचं कारण लेखी कळवावं.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘असं लिहिलं तर चिडतील गं.’ मी वाद घातला नाही, कारण त्यांचा अंदाज चूक नव्हता. ज्याचा हक्क त्यानेच हात जोडायचे, आणि ज्याचं काम चुकलं त्याने उपकार करायचे, अशी त्या कागदाची रीत होती. अखेर आम्ही दोन्ही घाट मिसळून एक अर्ज केला. ‘उपकृत करावे’ मात्र त्यांनी काढू दिलं नाही.

घाट बाहेरून देता येतात, याचा पुरावा शस्त्रक्रियागृहात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी आणली. तिच्यात एक मुद्दा दिसायला अगदी साधा आहे : पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. पण एकदा स्वतःचं नाव उच्चारलेल्या परिचारिकेला त्या खोलीत आवाज मिळालेला असतो. पुढे तिला ‘थांबा, बाजू चुकते आहे’ म्हणायचं झालं तर ते तिचं पहिलं वाक्य नसतं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. सगळं रोखठोकच बोलायचं तर जगणं नकोसं होईल. आडून बोलण्यात माया असते, लाज राखणं असतं, कविता असते. हे खरंच आहे, आणि मी ते सोडायला तयार नाही. नवव्या शतकातल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ‘ध्वनी’, म्हणजे शब्दांपलीकडे सुचवला जाणारा अर्थ, समजावताना एक प्राकृत गाथा घेतली आहे. गोदावरीकाठच्या झाडीत प्रियकराला भेटणारी स्त्री तिथे येणाऱ्या धार्मिक माणसाला सांगते : बाबा, आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला झाडीतल्या सिंहाने मारलं. शब्द म्हणतात ‘फिर’, अर्थ होतो ‘इकडे फिरकू नकोस’. पण ही वाट कोण वापरतं आहे ते पाहा. जिला उघड ‘येऊ नको’ म्हणता येत नाही, ती. आडवळण हे तिचं एकमेव साधन आहे. ज्याला उघड सांगता येतं, ज्याचं उघड सांगितलेलं ऐकलंच जातं, त्याने तेच आडवळण घेतलं तर ते कशासाठी, असा माझा प्रश्न आहे.

आणि मायेचं आडवळण ओळखायला एक सोपी कसोटी आहे : समोरच्याने तुमचे शब्द शब्दशः घेतले तर तुम्हाला चालेल का? आई आजारी होती त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण निघताना म्हणायचा, ‘काही लागलं तर सांगा हं.’ मनापासून म्हणत असतील, नाही असं नाही. पण हे वाक्य मदत देत नाही, मदत मागायचं काम दमलेल्या माणसावर टाकतं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. शेजारच्या काकू तसं म्हणाल्याच नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या हातात विणकाम घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मी दहापर्यंत बसते हिच्यापाशी, मला तसंही विणायचंच आहे. तू आत जाऊन झोप.’ विणायचंच आहे, हे खरं नव्हतं. माझ्यावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून ते वाक्य होतं. मी ‘नको काकू, बसते मी’ म्हटलं असतं तर त्या थोडा वेळ विणून घरी गेल्या असत्या आणि त्यांच्या मनात काही राहिलं नसतं. कसोटीला उतरतं ते असं आडवळण. ‘वेळ मिळाला तर बघा’ उतरत नाही.

हीच कसोटी सार्वजनिक माफीला लावली की ती किती पोकळ असते ते कळतं. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत.’ यातला ‘तर’ शब्दशः घ्या : दुखावल्या नसतील तर दिलगीर नाही. म्हणजे आधी दुखावल्याचं सिद्ध करण्याचं काम ज्याला लागलं त्याचंच. मराठीत खेद व्यक्त करतात, पण माफी मागतात, या क्रियापदांतच सगळं आहे. खेद माझ्या मनाची अवस्था आहे, ती सांगितली की संपलं. माफी मागितली की ती द्यायची की नाही हे दुसऱ्याच्या हाती जातं. अधिकार असलेल्यांना नकोसं वाटतं ते हेच.

ऑस्ट्रेलियात हा फरक शब्दासाठी झगडून मिळवावा लागला. तिथल्या आदिवासी मुलांना सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडलं गेलं होतं. त्यावरच्या १९९७ च्या चौकशी अहवालाने अधिकृत माफीची शिफारस केली. १९९९ मध्ये संसदेने ठराव केला तो ‘खोल आणि प्रामाणिक खेदा’चा. माफीचा शब्द त्यात आला नाही. तो यायला १३ फेब्रुवारी २००८ उजाडावं लागलं. त्या दिवशी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत ‘सॉरी’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. त्याने गेलेली वर्षं परत आली नाहीत, सगळे प्रश्न सुटले असंही नाही. पण तोवर ज्यांना ‘तुमचं वाईट वाटतं’ एवढंच ऐकवलं होतं, त्यांच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं गेलं. शब्दांना कृती न मानणाऱ्याला हा नऊ वर्षांचा फरक समजावून सांगता येणार नाही.

मुलांना आपण निबंध शिकवतो, व्याकरण शिकवतो. नकार कसा द्यावा, तक्रार कशी मांडावी, ‘सॉरी म्हटलं ना!’ ही माफी का नाही, मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर कशी सांगावी, हे शिकवत नाही. ते घरातून आपोआप येतं असं आपण धरून चालतो, आणि ज्यांच्या घरातून येतं तीच मुलं पुढे खिडकीच्या आत बसतात. ही कौशल्यं वर्गात, बोलून, करून शिकवता येण्याजोगी आहेत.

गेली काही वर्षं माझ्या हाताखाली पाच जण काम करतात. रात्री निरोप पाठवायचा नाही हा एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. दुसरा असा, की काम सांगताना ते काय आहे हे लिहायचं. ‘हे उद्या अकरापर्यंत हवंच आहे, मी ठरवलं आहे, उशीर झाला तर जबाबदारी माझी’, किंवा ‘ही विनंती आहे, नाही म्हटलंत तरी चालेल’. सुरुवातीला हे वाचणाऱ्यांना कोरडं वाटलं. एकीने तर विचारलं, ‘मॅडम, रागावलात का?’ दुसऱ्या प्रकारच्या निरोपाला जवळजवळ वर्षभर प्रत्येक वेळी ‘हो’ हेच उत्तर येत राहिलं, आणि ते वाचून मला बरं वाटत नसे. गेल्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यात नवी असलेल्या मुलीला मी असाच एक निरोप पाठवला. मिनिटभराने उत्तर आलं : ‘नाही जमणार, मॅडम.’ खाली कारण नव्हतं. काम मी दुसऱ्या दिवशी स्वतः केलं.